विश्लेषण : ‘नाहीसा झाला’ की ‘नाहीसा केला’? एका स्पॅनिश क्रियापदाचे दोन अर्थ इतके महत्त्वाचे का ठरले?

स्पॅनिश शिकू लागलेल्यांना ‘देसापारेसेर’ हे क्रियापद पहिल्या काही धड्यांतच भेटते. अर्थ सोपा आहे : दिसेनासे होणे, नाहीसे होणे. धुके नाहीसे होते, खिशातली चावी नाहीशी होते, अंगदुखी नाहीशी होते. पण अर्जेंटिना, ग्वाटेमाला किंवा मेक्सिकोतील बातम्या वाचायला घेतल्या की हेच क्रियापद एका अनोळखी रचनेत समोर येते : ‘लो देसापारेसिएरॉन’. म्हणजे ‘त्याला नाहीसे केले’. ‘होणे’चे ‘करणे’ झाले, आणि या एका बदलाने गेल्या अर्धशतकात सरकारे, न्यायालये आणि संयुक्त राष्ट्रे यांना उत्तरे द्यायला भाग पाडले. हे कसे घडले, याचा आढावा.

मूळ क्रियापद काय सांगते?

‘आपारेसेर’ म्हणजे दिसू लागणे, प्रकट होणे. त्याला ‘देस’ हा उलट अर्थ देणारा उपसर्ग लागला की ‘देसापारेसेर’ तयार होते. (स्पेनच्या बहुतांश भागात याचा उच्चार ‘देसापारेथेर’ असा होतो.) रोजच्या वापरात हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला कर्ता असतो, कर्म नसते. जे नाहीसे होते तेच वाक्याचा कर्ता असते आणि ते कोणी नाहीसे केले, हा प्रश्न वाक्यात येतच नाही.

मराठीत अशा वेळी क्रियापदच रूप बदलते. मरणे आणि मारणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे. पहिल्यात घटना घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी घडवते. स्पॅनिशमध्ये अशी जोडी सहसा नसते. तिथे ‘आसेर देसापारेसेर’, म्हणजे ‘नाहीसे व्हायला लावणे’, अशी दोन क्रियापदांची रचना करावी लागते. जादूगार रुमाल नाहीसा करतो, तेव्हा सर्वसाधारणपणे हीच रचना वापरतात.

एखादी वस्तू चटकन नजरेआड करणे, असा सकर्मक अर्थ स्पॅनिशच्या जुन्या शब्दकोशांत नोंदलेला आहे. मात्र तो फारसा वापरात नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन अमेरिकेत तो परतला तो माणसांसाठी. बेकायदा पकडून नेणे आणि मग त्या माणसाचा ठावठिकाणा कोणालाही न सांगणे, हा त्याचा नवा अर्थ होता.

नवा अर्थ कुठे रुजला?

ग्वाटेमालात १९६०च्या दशकातच सरकारविरोधकांना उचलून नेण्याचे आणि नंतर त्याबद्दल कानांवर हात ठेवण्याचे प्रकार सुरू झाले होते. चिलीत ११ सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावानंतर तेच घडले. पण हा शब्द जगभर पोहोचला तो अर्जेंटिनामुळे.

तेथे २४ मार्च १९७६ रोजी जनरल होर्हे राफाएल विदेला यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली. विद्यार्थी, कामगार नेते, पत्रकार, वकील यांना घरातून, रस्त्यातून, कामाच्या ठिकाणाहून नेले जाई. नेणारे अनेकदा साध्या वेशात असत. अटकेची नोंद नसे, आरोपपत्र नसे, मृतदेहही मिळत नसे. कुटुंबीय पोलीस ठाण्यात गेले तर ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळे. हजारो कुटुंबांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. जवळपास सगळे फेटाळले गेले, कारण सरकार म्हणे की ती व्यक्ती आमच्या ताब्यातच नाही.

डिसेंबर १९८३मध्ये लोकशाही परतल्यावर अध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी चौकशी आयोग नेमला. कादंबरीकार एर्नेस्तो साबातो त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १९८४च्या अहवालात सुमारे ९ हजार बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त छळछावण्यांची नोंद केली. मानवी हक्क संघटना बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात. ब्युनॉस आयर्समधील नौदलाच्या तांत्रिक शाळेत यांपैकी एक मोठी छावणी होती. आज तेथे स्मृतिसंग्रहालय आहे. २०२३मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

या काळात क्रियापदापासून एक नामही तयार झाले : ‘देसापारेसिदो’, म्हणजे नाहीसा झालेला किंवा नाहीसा केलेला. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

विदेला यांनी या दुहेरी अर्थाचा आडोसा कसा घेतला?

डिसेंबर १९७९मध्ये एका पत्रकार परिषदेत विदेला यांना बेपत्तांबद्दल थेट प्रश्न विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : जोवर तो माणूस नाहीसा आहे, तोवर तो एक कोडे आहे; तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही; तो ‘देसापारेसिदो’ आहे. त्यामुळे त्याच्याबाबत काही करता येत नाही.

या उत्तरातले व्याकरण पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ यासाठी दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. एस्तार सहसा स्थिती दाखवते. विदेला यांनी ‘एस्ता देसापारेसिदो’ असे म्हटले. म्हणजे ‘तो नाहीशा अवस्थेत आहे’. आजारी असणे, थकलेले असणे, तसे नाहीसे असणे. अशा वाक्यात करणाऱ्याला जागाच नसते.

सेर वापरून ‘फुए देसापारेसिदो’ म्हटले की अर्थ पूर्ण बदलतो : ‘तो नाहीसा केला गेला’. ही कर्मणी रचना आहे. अकर्मक क्रियापदाचा असा प्रयोग होत नाही, ‘तो झोपला गेला’ असे आपण म्हणत नाही तसेच. त्यामुळे ‘फुए’ वापरणारा माणूस एका छोट्या शब्दात सांगतो की ही स्थिती नाही, कृती आहे आणि ती करणारा कोणीतरी आहे. पीडित कुटुंबे, वकील आणि पत्रकार हळूहळू या रचनेकडे वळले.

‘लो देसापारेसिएरॉन’मध्ये तर क्रियापद तृतीयपुरुषी अनेकवचनी आहे, पण कर्ता लिहिलेला नाही. मराठीत आपण ‘त्याला उचलले’ म्हणतो तसेच. कोणी, ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते. उघड बोलायची मात्र सोय नसते.

आणखी कोणत्या क्रियापदांचे अर्थ बदलले?

अर्जेंटिनाच्या छळछावण्यांत साध्या शब्दांना भयंकर अर्थ चिकटले. ‘त्रास्लादार’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणे. कार्यालयीन बदलीसाठीही हा शब्द चालतो. छावणीत मात्र ‘आज याचे त्रास्लादो आहे’ याचा अर्थ त्याला ठार मारणार, असा होता. नौदलाचे माजी अधिकारी आदोल्फो सिलिंगो यांनी १९९५मध्ये जाहीर कबुली दिली की कैद्यांना गुंगीचे औषध देऊन विमानातून जिवंत समुद्रात फेकले जात असे. २००५मध्ये स्पेनमधील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

‘चुपार’ म्हणजे चोखणे, शोषून घेणे. त्यावरून माणूस ‘शोषला गेला’ म्हणजे उचलला गेला आणि गुप्त छावणीला नाव पडले ‘चुपादेरो’. मेक्सिकोत ‘लेवांतार’, म्हणजे उचलणे, या शब्दाला टोळ्यांनी केलेल्या अपहरणाचा अर्थ आला. ‘त्याला उचलले’ या मराठी वाक्यातही तीच छटा आहे.

फरक एवढाच की त्रास्लादार हा गुन्हा करणाऱ्यांचा शब्द होता आणि गुन्हा झाकण्यासाठी वापरला जात होता. सकर्मक देसापारेसेर हा सोसणाऱ्यांचा शब्द झाला, झाकलेले उघडे करण्यासाठी.

मातांनी कोणता शब्द निवडला?

३० एप्रिल १९७७ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरील प्लासा दे मायो चौकात चौदा स्त्रिया जमल्या. प्रत्येकीचे मूल नाहीसे झाले होते. जमावबंदीमुळे पोलिसांनी त्यांना ‘थांबू नका, चालत राहा’ असे बजावले. तेव्हा त्या दोघी-दोघींनी चौकात फेऱ्या मारू लागल्या. दर गुरुवारची ही फेरी पुढे चौकाची ओळख झाली. डोक्यावरचा पांढरा रुमाल सुरुवातीला बाळाच्या लंगोटाच्या कापडाचा होता.

या मातांची मागणी मूळ क्रियापदावर परत जाणारी होती : ‘आपारिसिओन कोन विदा’, म्हणजे ‘जिवंत प्रकट करा’. ज्याला नाहीसे केले, त्याला समोर आणा. सरकारला हे अवघड जाणार होते, कारण उत्तर देताना ‘तो आमच्याकडे होता’ हे आधी कबूल करावे लागणार होते.

१९७९मध्ये लष्करी सरकारने बेपत्तांना मृत घोषित करण्याची सोय करणारा कायदा आणला. अनेक कुटुंबांनी तो नाकारला. कागदावर मृत्यू मान्य केला तर शोध थांबेल आणि मारणाऱ्याचे नाव कायमचे गाळले जाईल, ही भीती होती. लोकशाहीत, १९९४मध्ये, अर्जेंटिनाने वेगळा मार्ग काढला. कायद्यात ‘सक्तीने नाहीसे केल्यामुळे अनुपस्थित’ असा स्वतंत्र दर्जा आला. त्यामुळे वारसा, मालमत्ता, पुनर्विवाह असे प्रश्न सुटण्याची वाट झाली आणि कुटुंबाला ‘मृत’ या शब्दावर सही करावी लागली नाही.

चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, असुसेना विय्याफ्लोर, यांना डिसेंबर १९७७मध्ये पळवून नेण्यात आले. अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथकाने त्यांच्या अवशेषांची ओळख पटवली ती २००५मध्ये. त्याच वर्षी त्यांच्या अस्थी त्या चौकातच पुरण्यात आल्या.

कैदेत जन्मलेल्या आणि इतरांना देऊन टाकलेल्या नातवंडांचा शोध आज्यांच्या संघटनेने घेतला. त्यासाठी अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी आजी-नातवंडाचे नाते तपासण्याची पद्धत विकसित करण्यास मदत केली. १९८७मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी स्थापन झाली. आजवर १३०हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे.

या क्रियापदाचा काळ कोणता?

प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण चिलीच्या न्यायालयात तो खटल्याचा कणा ठरला. जनरल ऑगस्टो पिनोशे यांच्या राजवटीने १९७८मध्ये स्वतःच्याच लोकांसाठी माफीचा हुकूम काढला. सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातील गुन्हे त्यात येत होते. खून १९७४मध्ये झाला असेल तर तो माफ.

न्यायाधीश हुआन गुस्मान यांनी युक्तिवाद उलटा फिरवला. मृतदेह सापडलेला नाही, म्हणजे मृत्यू सिद्ध झालेला नाही. सिद्ध झाले आहे ते अपहरण. आणि पळवून नेलेला माणूस परत आलेला नाही, तोवर अपहरण संपलेले नाही. ते १९७८च्या पुढेही चालू आहे, म्हणून माफी लागू होत नाही. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये हा विचार उचलून धरला आणि २००४मध्ये तो आणखी पक्का केला.

म्हणजे ‘नाहीसे केले’ हा भूतकाळ नसून ‘नाहीसे करत आहेत’ असा चालू काळ आहे. विदेला यांनी ‘मेलेलाही नाही, जिवंतही नाही’ म्हणत ज्या अनिश्चिततेचा आडोसा घेतला होता, तीच अनिश्चितता येथे आरोपींच्या विरोधात गेली.

कायद्याने हा अर्थ कधी स्वीकारला?

सप्टेंबर १९८१मध्ये होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा येथून मानफ्रेदो वेलास्केस हा विद्यार्थी नाहीसा झाला. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २९ जुलै १९८८ रोजी या प्रकरणात होंडुरास सरकारला जबाबदार धरले. सक्तीने नाहीसे करणे हा एकाच वेळी अनेक हक्कांचा आणि सतत चालू राहणारा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. अशा प्रकरणांत पुरावा सरकारच नष्ट करते, म्हणून परिस्थितीजन्य पुरावाही ग्राह्य धरता येतो, हेही स्पष्ट केले.

पुढे १९९४मध्ये अमेरिका खंडातील देशांनी यासाठी स्वतंत्र करार केला. १९९८च्या रोम संविधीने सक्तीने नाहीसे करण्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या यादीत घातले. संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर २००६मध्ये संमत झाला आणि डिसेंबर २०१०मध्ये अमलात आला.

या करारातील व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिला, सरकारी यंत्रणेने किंवा तिच्या संमतीने कोणीतरी माणसाला पकडणे. दुसरा, ते नाकारणे किंवा त्याचे काय झाले हे लपवणे. दोन्ही मिळून गुन्हा पूर्ण होतो. नाहीशा झालेल्या व्यक्तीबरोबरच त्यामुळे थेट हानी सोसणाऱ्यांनाही करार ‘पीडित’ मानतो आणि सत्य जाणून घेण्याचा हक्क देतो. ३० ऑगस्ट हा दिवस जगभर या पीडितांसाठी पाळला जातो.

मेक्सिकोत वाद कशावर आहे?

२६ सप्टेंबर २०१४च्या रात्री इग्वाला शहरात आयोत्सिनापा येथील ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी पोलिसांच्या हल्ल्यानंतर नाहीसे झाले. टोळीने त्यांना मारून कचरा डेपोवर जाळले, असा निष्कर्ष सरकारने जानेवारी २०१५मध्ये जाहीर केला. स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आणि अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक पथकाने तो वैज्ञानिक आधारावर नाकारला. २०२२मध्ये सरकारच्याच सत्यशोधन आयोगाने या घटनेला ‘राज्यसंस्थेचा गुन्हा’ म्हटले. आजवर केवळ तिघांच्या अवशेषांची ओळख पटली आहे.

अर्जेंटिनात नाहीसे करणारे सरकार होते. मेक्सिकोत ते कधी टोळी असते, कधी पोलीस, कधी दोघे मिळून. म्हणून २०१७च्या मेक्सिकन कायद्याने दोन गुन्हे वेगळे केले. एक, सरकारी यंत्रणेने नाहीसे करणे. दुसरा, खासगी व्यक्तींनी नाहीसे करणे.

मे २०२२मध्ये मेक्सिकोच्या सरकारी नोंदवहीतील बेपत्तांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. डिसेंबर २०२३मध्ये सरकारने फेरतपासणी करून जेमतेम १२ हजार प्रकरणेच ‘निश्चित’ असल्याचे सांगितले. उरलेल्यांत काही सापडल्याचे, तर अनेकांची माहिती अपुरी असल्याचे कारण दिले गेले. स्वतः फावडे-कुदळ घेऊन माळरानावर शोध घेणाऱ्या मातांच्या गटांनी यावर संताप व्यक्त केला. ‘आमच्या मुलांना दुसऱ्यांदा नाहीसे केले,’ असा त्यांच्या आरोपाचा सूर होता. या वेळी नाहीसे करण्याचे ठिकाण सरकारी यादी होते.

इंग्रजी आणि मराठीत या शब्दाचे काय होते?

इंग्रजीतही ‘डिसअपिअर’ अकर्मकच. जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’ या १९६१च्या कादंबरीत एका पात्राला ‘नाहीसे करणार’ असल्याचे कळते, तेव्हा हे व्याकरणातही बसत नाही, अशी तक्रार होते. पुढे लॅटिन अमेरिकेतील बातम्यांमुळे हा सकर्मक वापर इंग्रजीत स्थिरावला.

मराठी बातम्यांत ‘बेपत्ता’ हा शब्द सर्रास येतो. जत्रेत चुकलेले मूल, घर सोडून गेलेला तरुण, पुरात वाहून गेलेला शेतकरी आणि रात्री गाडीतून नेलेला कार्यकर्ता हे सगळे ‘बेपत्ता’च. ‘त्याला बेपत्ता केले’ हे वाक्य कानाला खटकते. ‘लो देसापारेसिएरॉन’ही अनेकांना सुरुवातीला असेच खटकले असणार. लॅटिन अमेरिकेतील बातमीचे भाषांतर करताना ‘४३ विद्यार्थी बेपत्ता झाले’ लिहिले तर वाक्य सफाईदार होते, पण कर्ता गळून पडतो. ‘नाहीसे केले’ किंवा ‘नाहीसे करण्यात आले’ हे अधिक अचूक. मात्र कोणी नेले याचा पुरावाच नसेल, तेव्हा ‘बेपत्ता’ हाच योग्य शब्द. निवड भाषेच्या सौंदर्यावर नव्हे, हाती असलेल्या माहितीवर ठरते.

भारताची भूमिका काय?

भारताने २००६च्या करारावर ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्वाक्षरी केली. त्याला मान्यता मात्र दिलेली नाही. त्यामुळे तो भारतावर बंधनकारक नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ‘सक्तीने नाहीसे करणे’ हा स्वतंत्र गुन्हा नाही. अशी तक्रार अपहरण किंवा बेकायदा डांबून ठेवण्याच्या कलमांखाली नोंदवावी लागते. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरण्याची जुनी तरतूद साक्ष्य कायद्यात आहे. ती नाहीशी झालेली आणि नाहीशी केलेली व्यक्ती यांत फरक करत नाही.

न्यायालयांनी हा फरक कधी कधी केला आहे. मणिपूरमधून लष्कराने नेलेल्या दोघांसाठी सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज आला, तेव्हा ते दोघे छावणीतून निघून गेले, असे उत्तर देण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही. १९८४मध्ये त्या दोघांच्या पत्नींना प्रत्येकी १ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. १९९६च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळी पंचनामा करणे, त्यावर साक्षीदाराची सही घेणे आणि नातेवाइकांना कळवणे सक्तीचे केले. अटकेची नोंद झाली, की ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ हे उत्तर देणे अवघड होते. अर्जेंटिनातील कुटुंबांना ही साधी नोंदच मिळाली नव्हती.